हात सरळ सोडा

"हात सरळ सोड," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही. तळवे माझ्याकडं. शाळेत प्रार्थनेला उभी राहतेस ना, तशी."

"प्रार्थनेला हात जोडलेले असतात," मी म्हणाले.

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. आईनं मागून माझ्या वेणीला हलकेच हिसका दिला. म्हणजे, जास्त बोलू नको.

मी हात सोडले. उजवा शहाण्यासारखा सरळ खाली आला. डावा कोपरापर्यंत नीट आला आणि तिथून पुढं आपल्या मर्जीनं आत, मांडीकडं वळला. कोपराचं टोक बाहेर आलं. वर्गातल्या पोरी त्याला कंस म्हणायच्या. माझं गणित चुकलं की मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, "वैजे, आधी कंस सोडव!"

मी तेव्हा पाचवीत होते. मिरजेच्या या हाडांच्या डॉक्टरांकडं आम्ही तासगावाहून एस.टी.नं आलो होतो. मी, आई आणि अण्णा. अण्णांनी आदल्या दिवशीच दाढी करून, कोट घालून जय्यत तयारी केली होती, जणू कापणार होते ते त्यांनाच.

डॉक्टरांनी खिळ्यानं जोडलेल्या दोन पट्ट्या माझ्या दंडाला आणि हाताला लावून कोन मोजला. मग म्हणाले, "दुमड. खांद्याला बोट लाव. घास तोंडात घातल्यासारखं कर. हात पालथा, आता उताणा. वेणी कोण घालतं?"

"मीच."

"घालून दाखव."

मी अख्खी वेणी सोडली आणि पुन्हा घातली. रिबिनीचं फूलसुद्धा केलं. डॉक्टर घड्याळाकडं न बघता शांत बसून होते. एवढा वेळ माझ्या वेणीकडं कुणी बघितलं नव्हतं, त्यामुळं ते मला आवडले.

"पडली कशावरून?" त्यांनी विचारलं.

अण्णा खाकरले. "चंद्रावरून."

"काय?"

"आमचा फोटो स्टुडिओ आहे, साहेब. बसून फोटो काढायला लाकडी चंद्र केलाय. ही त्याच्यावर उभी राहून मागचा पडदा ओढायला गेली."

डॉक्टरांनी कागदावर ते लिहिलं की नाही मला माहीत नाही, पण हसू दाबलेलं मी बघितलं. मग त्यांनी एक्स-रे उजेडाला लावला आणि समजावून सांगितलं. कोपर मोडलेलं नव्हतं. कोपराच्या जरा वर, दंडाचं हाड मोडलं होतं. प्लॅस्टरमध्ये सूज उतरली, प्लॅस्टर ढिलं झालं, हाड आत कललं आणि तसंच जुळलं.

"हाताचं काम शंभर टक्के आहे," ते म्हणाले. "दुमडतो, सरळ होतो, फिरतो, जोर आहे. फक्त रेषा वाकडी झालीय. वाढत्या वयात ती आपोआप सरळ व्हायची नाही आणि सहसा बिघडायचीही नाही. पुढं क्वचित कुणाला त्रास होतो, तेव्हाचं तेव्हा बघता येतं. सरळच करायचा असला तर पाचरीएवढं हाड कापून काढायचं, हात सरळ जुळवायचा आणि दीड महिना प्लॅस्टर. थोडा धोका कुठल्याही ऑपरेशनला असतो. पण मी सांगतो, हे दिसण्यासाठी आहे, कामासाठी नाही. घाई करू नका. पुढच्या मंगळवारी..."

"कापा," आई म्हणाली.

डॉक्टर थांबले. अण्णांनी रुमालानं कपाळ पुसलं.

"पुढच्या मंगळवारी विचार करून या," डॉक्टरांनी वाक्य पुरं केलं.

आता खरं सांगायचं तर मला माझा हात चालत होता. कंस म्हणणाऱ्या पोरींना मी त्याच हातानं धपाटे घालत होते. मला चालत नव्हतं ते कापणं. पहिल्या प्लॅस्टरमध्ये आत मुंगी शिरली होती आणि मी तीन दिवस रडले होते. आणि हे डॉक्टर तर सुतारासारखं पाचर वगैरे म्हणत होते! एस.टी.त बसल्यापासून माझ्या डोक्यात एकच होतं. मंगळवारच्या आत आईचं मन वळवायचं. माझ्याकडं सात दिवस होते.

पहिल्यांदा मी अण्णांना गाठलं. घराचा पुढचा भाग स्टुडिओ, मधली अंधारी खोली फोटो धुवायची आणि मागं आम्ही राहायचो. अण्णा अंधाऱ्या खोलीतून बाहेर आले की हाताला तो आंबूस वास यायचा. आमचे अण्णा, म्हणजे विश्वनाथ महामुनी फोटोग्राफर, यांच्या डोळ्याची तालुक्यात ख्याती होती. "मान सुताएवढी डावीकडं," म्हणायचे आणि खरंच तेवढ्यानं माणूस देखणा व्हायचा. दुसऱ्यांच्या घरी गेले की भिंतीवरची कॅलेंडरं सरळ करून यायचे. एकदा तर लग्नात नवरदेवाच्या बापाची टोपी त्यांनी न विचारता नीट केली होती आणि त्यावरून रुसवा झाला होता.

"अण्णा, मला नाही कापायचं," मी म्हणाले.

"आईशी बोलतो."

"कधी?"

"हे फोटो वाळू देत."

फोटो वाळले. अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांनी मला चंद्रावर बसवलं आणि स्वतः स्टुलावर बसले.

"वैजू, तुला प्लॅस्टर घातलं तेव्हा दवाखान्यात सांगितलं होतं, आठव्या दिवशी येऊन एक्स-रे काढा, हाड जागेवर आहे का बघू. आठव्या दिवशी मला मणेराजुरीच्या लग्नाची ऑर्डर होती. नवव्या दिवशी कवठ्याची. तुझी आई रोज म्हणत होती, चला, चला. मी तिसऱ्या आठवड्यात गेलो, तोवर हाड जुळून गेलेलं. आता मी तिला कुठल्या तोंडानं सांगू, की कापू नको?"

अण्णांचे डोळे भरले. मग माझेही भरले. असे आम्ही दोघं रडत बसलो आणि एक गिऱ्हाईक पासपोर्ट फोटोला येऊन दारातूनच परत गेलं.

म्हणजे अण्णा कामाचे नव्हते. उरली आई.

आई त्या दिवसांत माझा वर्गच घेत होती. "चारचौघांत जाताना हातात काहीतरी धरायचं," ती सांगायची. "वही धर, डबा धर, पिशवी धर. काहीच नसलं तर रुमाल. छातीशी धरायचं, म्हणजे कोपर दुमडलेलं राहतं. दुमडलेलं कोपर बघून कुणाच्या बापाला कळत नाही. बसलीस की हात मांडीवर. उभी राहिलीस की कमरेवर. आणि बाही कोपराखाली पाहिजे."

"उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यातसुद्धा."

"तुला गं हे सगळं कसं माहीत?"

"आयांना माहीत असतं," ती म्हणाली आणि बादली घेऊन नळावर गेली.

आईचं पाणी आणणं हा आमच्या गल्लीतला चेष्टेचा विषय होता. निम्मं पाणी पिंपात आणि निम्मं लुगड्यावर. उजव्या बाजूला गुडघ्यापासून खाली लुगडं कायम ओलं. आमची तुळसात्या त्यावरून तिला रोज टोमणे मारायची. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. दोन घरं सोडून राहायची, पण चहाच्या वेळेला तिचं घर आमचंच होतं.

शनिवारी संध्याकाळी आत्या आली, पाय पसरून बसली आणि माझा हात हातात घेऊन वांगी निवडल्यासारखी बघायला लागली.

"आत्ताच सरळ करून घ्या बाई," ती म्हणाली. "उद्या लग्नाच्या बाजारात कोण इचारणार हिला? मला इचारा. इसूसाठी मी सतरा पोरी बघितल्या. सतरा! एकीचं पाऊल फेंगडं, एकीची नजर तिरकी. मंग हिची आई बघितली, कुमुद. चालवून बघितली, केस सोडून बघितलं, सुईत दोरा ओवायला लावला, पेपरातल्या चार वळी वाचून घेतल्या. बाहुलीवानी पोर! कुठं सुताएवढं वाकडं न्हाई. इसूचा डोळा म्हणत्यात समदी, पर तो डोळा आला कुठनं? ह्या बहिणीकडनं!"

इसू म्हणजे आमचे अण्णा. ते पलीकडं फोटोच्या कडा कापत होते. कात्रीचा आवाज जरा थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

"आत्या, माझ्यासारखी पोरगी दाखवली असती तर?" मी विचारलं. मला वाटलं, ती म्हणेल, तू तर गुणाची गं.

"च्या न पिता उठले असते," आत्या म्हणाली.

स्वयंपाकघरात गाळणी भांड्यावर आपटली. थोड्या वेळानं आई ट्रे घेऊन आली, दोन्ही कोपरं अंगाशी, पदर उजव्या हातावरून नीट घेतलेला. ट्रे तिनं आत्यापुढं ठेवला.

"घ्या, वन्सं," ती म्हणाली. "प्या आणि मगच उठा."

रात्री जेवताना तिनं अण्णांना सांगितलं, मंगळवारी ऑपरेशनची तारीख घेऊनच परत यायचं. मी ताटातली भाकरी चिवडत बसले. त्या आठवड्यात मला आईचा इतका राग आला, की काय सांगू. मला वाटायचं, हिला माझ्यापेक्षा लोक प्यारे. माझा हात तुटला तरी चालेल, पण दिसायला सरळ पाहिजे.

मंगळवारी आत्याही निघाली. "फोटोतलं हाड मला बघायचंय," म्हणाली. आम्ही तिघांनी तिला न येण्याची बारा कारणं सांगितली, तिनं उत्तरादाखल ठेवणीतलं पातळ नेसून दाखवलं आणि एस.टी.त खिडकीची जागा धरली.

डॉक्टरांनी आमची फौज बघितली आणि आणखी दोन खुर्च्या मागवल्या.

"मग वैजयंता, काय ठरलं?" त्यांनी मला विचारलं.

मी आईकडं बघितलं. ती पिशवी छातीशी धरून बसली होती. एरवी एवढी बोलणारी मी, पण त्या क्षणी नुसती वेणीच्या रिबिनीशी चाळा करत राहिले.

"तिला काय विचारता, लहान आहे ती," आई म्हणाली. "तारीख द्या."

"देतो. आधी हात कसा असतो ते सांगतो, म्हणजे आपण काय सरळ करणार ते कळेल." डॉक्टर उठून उभे राहिले आणि स्वतःचा हात खाली सोडला. "कुणाचाही हात अगदी काठीसारखा सरळ नसतो. कोपरापासून खालचा भाग जरा बाहेरच्या अंगाला जातो. कुणाचा कमी, कुणाचा जास्त. त्यामुळं भरलेली बादली नेताना ती मांडीपासून लांब राहते. हिचा हात आत वळलाय, म्हणून बादली हिच्या पायाला आपटणार आणि फ्रॉक भिजणार. भिजतो का गं?"

"भिजतो," मी म्हणाले.

"बस्स. एवढाच तोटा."

"ह्या!" आत्या म्हणाली. "फ्रॉक भिजला म्हंजी हात वाकडा हुतोय व्हय? आमची कुमुद बघा. तेरा वर्सं झाली, बादली आणली की उजवीकडनं लुगडं चिंब. तिला काय झालंय?"

डॉक्टरांनी आईकडं बघितलं. मी आईकडं बघितलं. आत्या जे बोलली ते तिनं स्वतःच ऐकलं आणि हळूहळू मान वळवून तिनंही आईकडं बघितलं. फक्त अण्णा भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडं बघत होते.

"बाई," डॉक्टर म्हणाले, "जरा हात सरळ सोडा बरं."

"माझं कशाला?" आई म्हणाली आणि पिशवी आणखी घट्ट धरली.

"अगं सोड की," आत्या म्हणाली आणि तिनं उठून पिशवी ओढून घेतली.

आई उभी राहिली. तिनं पदर बाजूला केला, बाही वर सारली आणि हात खाली सोडला. माझाच हात होता तो. फक्त मोठा आणि उजवा. कोपराचं टोक बाहेर, खालचा भाग आत. कंस.

"आगं बया!" आत्या मटकन खाली बसली. नशीब, खुर्ची तिथंच होती.

"कधीचा?" डॉक्टरांनी विचारलं.

"नऊ वर्षांची होते. चुलतभावानं बैलगाडी जोरात हाकली आणि मी मागून खाली आले. हाडं बसवणारा गावातलाच होता. त्यानं कामट्या बांधल्या."

"दुखतो?"

"नाही."

"दुमडा बघू. फिरवा. काय काय काम करता?"

आईला राग आला. "काय नाही करत ते विचारा. भाकरी थापते, धुणं धुते, पाणी आणते. हिला तीन वर्षांची होईस्तोवर याच हातावर वागवली. ह्यांचे तीन-तीन ट्रे फोटो हलवते अंधारात."

"मग एवढा तेरा वर्षांचा पुरावा घरात असताना तुम्ही मला कशाला विचारायला आलात?" डॉक्टर हसत म्हणाले.

आई हसली नाही. तिचा चेहरा एकदम लहान पोरीसारखा झाला.

"हात चालतो हो, साहेब. हातानं मला कधी दगा दिला नाही. पण बघायला आले तेव्हा आईनं सांगितलं, ट्रे घेऊन जा, ट्रे ठेवला की लगेच पदर घे हातावर, कोपर सरळ करू नको. मी केलं नाही. त्या दिवशी नाही आणि त्यानंतर तेरा वर्षांत कधी कुणासमोर नाही. यांच्यासमोरसुद्धा नाही. उन्हाळ्यात बाह्या लांब, झोपले तरी हात उशाखाली. रोज उठलं की आधी तेच ध्यानात. तिला असं जगायला लागू नये. म्हणून म्हणते, कापा."

ती रडायला लागली. मी तिच्याकडं बघत राहिले. आठवडाभर जिचा मी राग राग केला, ती बाई ही नव्हतीच. मला धावत जाऊन तिला मिठी मारावीशी वाटली, पण मध्ये आत्याची खुर्ची होती.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "बाई, हाड मला कापता येतं," ते म्हणाले. "हात लपवायची सवय कापता येत नाही. ऑपरेशन आजही होईल, ती अठरा वर्षांची झाल्यावरही होईल. हाड कुठं पळून जात नाही. तुम्ही घरी जा. आणि एकदा तिलाही विचारा."

एस.टी.त आत्या खिडकीबाहेर बघत बसली. सांगलीपर्यंत एक शब्द नाही. आमच्या घराण्याच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडत होतं. सांगलीच्या स्टँडवर गाडी थांबली, तेव्हा तिनं मागं वळून विचारलं, "कुमुद, त्या ट्रेचं तुझ्या आईचंच डोकं?"

"व्हय, वन्सं."

"आणि मी सुईत दोरा ओवून घेत बसले!" आत्या म्हणाली. आधी तिचे खांदे हलले, मग पोट हललं आणि मग जी हसायला लागली, ती तासगाव येईपर्यंत थांबली नाही. कंडक्टरनं दोनदा विचारलं, बाईंना काही होतंय का.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. आईनं दिवा लावला, हात जोडले आणि अण्णांसमोर येऊन उभी राहिली. हात पाठीमागं.

"मी तुम्हाला फसवलं," ती म्हणाली. "तालुक्यात नावाजलेला डोळा तुमचा. तेरा वर्षं फसवलं. काय बोलायचं ते आज बोलून घ्या."

अण्णा वळून अंधाऱ्या खोलीत गेले. आत डबे हलवल्याचा आवाज आला. मला वाटलं, रागावले. आत्या कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाली, "इसू, जाऊ दे रं. चूक माझी हाय, ट्रे मी बघितला न्हाई."

अण्णा बाहेर आले ते कागदाच्या जुन्या खोक्यातून एक फोटो घेऊन. त्यांनी तो आईच्या हातात दिला.

फोटोत आई होती, पण मी कधी न बघितलेली. लहान, बारीक, डोक्यावरचा पदर घसरलेला. नळावरून बादली घेऊन येत होती आणि कुणाला तरी बघून खळखळून हसत होती. उजवा हात बादलीच्या वजनानं सरळ खाली ताणलेला आणि कोपराजवळ लख्ख वाकडा. लुगडं ओलं. आईनं फोटो उलटा केला. मागं अण्णांचं बारीक, वळणदार अक्षर होतं. 'कुमुद. लग्नाचा बारावा दिवस.'

आईनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"बाराव्या दिवशी?" ती म्हणाली.

"दहाव्या दिवशीच दिसला होता," अण्णा म्हणाले. "फोटो बाराव्या दिवशी जमला. छोटा कॅमेरा नवीन होता ना."

"मग बोलला का नाहीत?"

"तू लपवत होतीस. म्हटलं, आपण कशाला बोलायचं? तुला सांगावंसं वाटेल तेव्हा सांगशील."

"आणि ती फुलदाणी?"

ती फुलदाणी सांगायची राहिलीच. स्टुडिओत एक पांढरी फुलदाणी होती, एका कानाची, तिच्यात जांभळी प्लॅस्टिकची फुलं. आईच्या प्रत्येक फोटोत ती तिच्या हातात असायची. लग्नाच्या वाढदिवसाला, दिवाळीला, हळदीकुंकवाला. फक्त माझ्या बारशाच्या फोटोत फुलदाणीला सुट्टी होती, कारण तिच्या जागी मी होते.

"फोटो काढताना तू हात कुठं ठेवू, कुठं ठेवू, असं करायचीस," अण्णा म्हणाले. "मला बघवायचं नाही. म्हणून दिली हातात."

"मला वाटायचं, तुम्हाला ती फार आवडते! म्हणून मी तेरा वर्षं धरली!"

"मला? मला त्या फुलांकडं बघवतसुद्धा नाही."

आता आईला राग आला. असा राग मी तिचा आधी बघितला नव्हता, नंतरही नाही. "अहो, उन्हाळ्यात लांब बाह्या घातल्या मी! घामोळ्यानं जीव गेला माझा! एका कुशीवर झोपून खांदा धरला! आणि तुम्ही सगळं माहीत असून, खुशाल, फुलदाणी...!" तिला पुढं बोलताच येईना. ती हसत होती की रडत होती, ते तिलाही कळत नसावं. तिनं फोटोनंच अण्णांच्या खांद्यावर दोन फटके मारले. वाकड्या हातानं. अण्णा मुकाट्यानं मार खात उभे होते आणि त्यांच्या तोंडावर मोठ्ठं हसू होतं.

"चुकलंच माझं," ते म्हणाले. "दिसला त्याच दिवशी बोलायला पाहिजे होतं. वैजूच्या वेळीही आठव्या दिवशी जायला पाहिजे होतं. मी उशीर फार करतो, कुमुद."

आईनं डोळे पुसले आणि मग ती माझ्याजवळ येऊन खाली बसली. माझा डावा हात तिनं हातात घेतला.

"वैजू, तुला काय पाहिजे?"

"नाही कापायचा," मी म्हणाले. या वेळी आवाज चांगला खणखणीत आला.

"पोरी चिडवतील."

"मी मारीन."

"मोठी झालीस आणि वाटलं तर?"

"तेव्हा सांगीन. पण मी रुमाल धरणार नाही. मला हात मोकळे लागतात."

आईनं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. "बरं," ती म्हणाली. "नाही कापायचा."

"मग फोटो काढू," अण्णा म्हणाले. असा प्रसंग दुसऱ्या कुठल्या रीतीनं साजरा करायचा असतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

स्टुडिओतले मोठे दिवे लागले. आईनं कोपराच्या वरच राहणाऱ्या आखूड बाहीचं पोलकं पेटीच्या तळातून काढलं. ते तिच्या आईनं लग्नात दिलेलं होतं आणि ती ते एकदाही ल्याली नव्हती. आता ते जरा तटतटत होतं. मला अण्णांनी खोक्यावर उभं केलं, म्हणजे आमची उंची बरोबर होईल. आई माझ्या डाव्या बाजूला उभी राहिली.

"मला घेनास का रं?" आत्या म्हणाली आणि पुढं स्टुलावर बसली. पण कॅमेरा बघितल्यावर तिला हात कुठं ठेवावेत ते कळेना. इकडं तिकडं बघून तिनं शेवटी फुलदाणी उचलली आणि मांडीवर घट्ट धरली.

अण्णा काळ्या कापडाआड गेले. सवयीनं आईचे हात वर आले, पण धरायला काहीच नव्हतं. ते क्षणभर हवेतच घुटमळले.

"हात सरळ सोडा," कापडाआडून अण्णा म्हणाले. "दोघींनी."

आम्ही सोडले. मग बराच वेळ काहीच झालं नाही.

"इसू, झोपलास काय आत?" आत्यानं विचारलं.

अण्णा बाहेर आले, त्यांनी डोळे पुसले, "दिव्याची तिरीप येतेय," म्हणाले आणि पुन्हा आत गेले. दिवा त्यांच्या पाठीमागं होता.

आता स्टुडिओ मी चालवते. तो फोटो गल्ल्याच्या वर लावलाय. आत्या पुढं फुलदाणी घेऊन बसलीय, चेहरा असा, की फुलदाणी कुणी पळवून नेईल. गल्लीत त्यानंतर कुणाचीही मुलगी बघायला गेली की ती आधी म्हणायची, "तो ट्रे ठेव बाई खाली." आणि पोरगी ट्रे ठेवून हात सरळ सोडून उभी राहिली, की तिला जवळ बसवून म्हणायची, "वाकडा असला तरी सांग, भिऊ नगं. आमच्या घरात दोन हायेत."

हात मी अजून सरळ करून घेतलेला नाही. पाणी आणताना माझी साडी डावीकडून भिजते.

फोटोतली आई माझ्याकडं बघत नाही, मीही तिच्याकडं बघत नाही. दोघी समोर बघतोय. तिचा उजवा हात आणि माझा डावा शेजारी शेजारी सरळ सोडलेले आहेत. आम्ही तशा थोड्या लांब उभ्या होतो. पण दोघींची कोपरं बाहेर आल्यामुळं ती तेवढी एकमेकींना टेकलेली आहेत.